केनेथ ॲरो व्याख्यानमाला बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की नेरुळला राहता, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. अमेरिकन अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांच्या नावाने कोलंबिया विद्यापीठात जी व्याख्यानमाला चालते, तिच्याबद्दल वर्गात ऐकलंत, पण गणित कच्चं आहे. तर त्यातलं काही कळेल का आणि सुरुवात कुठून करावी?

मी ठाण्यात बारावी कॉमर्सला अर्थशास्त्र शिकवते. नक्की झेपेल. फक्त सुरुवात पहिल्या व्याख्यानापासून करू नका, दुसऱ्यापासून करा. ही व्याख्यानं पुढे पुस्तकरूपातही आली आहेत, त्यामुळे सावकाश वाचता येतात.

दुसरं व्याख्यान २००९ सालचं, वक्ते दोन: अमर्त्य सेन आणि एरिक मॅस्किन. विषय ॲरो यांचा अशक्यतेचा सिद्धांत. वाचण्याआधी कागद-पेन घ्या आणि आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सोसायटीची जनरल बॉडी डोळ्यांपुढे आणा. आमच्या नौपाड्यात किंवा वाशीला सिडकोच्या इमारतींत हल्ली एकच विषय असतो: नुसती दुरुस्ती करायची, बिल्डरला द्यायची की सेल्फ रिडेव्हलपमेंट, म्हणजे सभासदांनीच इमारत पाडून नवी बांधायची?

समजा सभासदांचे सारख्या संख्येचे तीन गट आहेत. म्हाताऱ्या मंडळींना भाड्याच्या घरात जायचंच नाही. त्यांची पहिली पसंती दुरुस्तीला; जावंच लागलं तर कारभार आपल्या हातात हवा, म्हणून दुसरी सेल्फ रिडेव्हलपमेंटला, शेवटी बिल्डर. दुसऱ्या गटाला मोठं घर हवंय: आधी सेल्फ, मग बिल्डर, शेवटी दुरुस्ती. तिसऱ्याला कर्ज आणि परवानग्यांची धावपळ नको: आधी बिल्डर, नाहीतर दुरुस्ती, सेल्फ तर नकोच.

आता दोन-दोन पर्यायांवर हात वर करायला सांगा. दुरुस्ती की सेल्फ? दुरुस्ती जिंकते. सेल्फ की बिल्डर? सेल्फ. म्हणजे दुरुस्ती बिल्डरलाही हरवणार, असं आपण धरून चालतो. पण मतं मोजा, बिल्डर जिंकतो! प्रत्येकाचं मत स्पष्ट आहे, कोणी लबाडी केलेली नाही, तरी सोसायटीला म्हणून मत उरत नाही. पहिल्या फेरीत दुरुस्ती आणि सेल्फ ठेवले आणि जिंकणाऱ्याची गाठ उरलेल्या पर्यायाशी घातली, तर शेवटी बिल्डर येतो. पहिल्या फेरीत बिल्डर आणि दुरुस्ती ठेवले तर सेल्फ येतं. निकाल मतदारांच्या नाही, विषयपत्रिका लिहिणाऱ्या सेक्रेटरीच्या हातात जातो. हे मी वर्गात फळ्यावर मांडते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पेन उचलतात.

हा पेच फ्रान्समध्ये गणिती कोंदोर्से यांनी अठराव्या शतकातच दाखवला होता. ॲरो यांनी पुढे सिद्ध केलं ते फार मोठं आहे. पर्याय तीन किंवा जास्त असले, की हात वर करणं, गुण देणं, फेऱ्या घेणं, नियम कोणताही आणा. काही साध्या अटी तो एकाच वेळी पाळू शकत नाही. कोणाचीही पसंती कशीही असली तरी नियमातून वरच्यासारखा गोल न फिरणारा, सरळ क्रम निघावा. सगळ्यांना 'अ' हा 'ब'पेक्षा बरा वाटत असेल तर निकालातही तसंच यावं. त्या दोघांची तुलना तिसऱ्या पर्यायावर अवलंबून नसावी. एकाच माणसाची मर्जी कायम चालू नये. या अटींत अवाजवी काय आहे? ॲरो यांनी हे कोलंबियातल्याच पीएच.डी.च्या कामात मांडलं, १९५१ साली ते प्रसिद्ध झालं आणि १९७२ मध्ये त्यांना जॉन हिक्स यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

खरी मजा पुढे आहे. सेन म्हणतात, मतदानाच्या चिठ्ठीत फक्त क्रम येतो, कोणाला किती त्रास होतो ते येत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघे दुखणाऱ्या आजी आणि नुसतं जास्त कार्पेट एरिया हवं असणारा सभासद, दोघांचं मत सारखंच मोजलं जातं. ती माहिती आत आणा, वाट सापडते. मॅस्किन हे ॲरो यांचेच विद्यार्थी. त्यांचं म्हणणं, परिपूर्ण नियम नसला तरी दोन-दोन पर्यायांवरचं साधं बहुमत इतर कुठल्याही नियमापेक्षा जास्त परिस्थितींत धड चालतं. मला सेन यांचा मुद्दा जास्त पटतो. सोसायटीच्या भांडणात मतं मोजून होतात, गरजा मोजायच्या राहून जातात.

ॲरो फेब्रुवारी २०१७ मध्ये गेले, पण या व्याख्यानावर टिप्पणी करायला ते स्वतः होते. आपल्याकडे स्मृतिव्याख्यानात पाहुणा बऱ्याचदा दिवंगतांचे गुण गातो आणि मग स्वतःच्या विषयाकडे वळतो. इथे ज्यांच्या नावाने माला, त्यांच्याच सिद्धांताची त्यांच्यादेखत उलटतपासणी झाली, आणि एका अभ्यासकाचा याहून मोठा मान मला तरी सुचत नाही. (कोलंबिया आपल्याला परकं नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथेच शिकले. पुण्याच्या गोखले संस्थेतलं काळे स्मृतिव्याख्यान त्यांनी १९३९ साली दिलं, त्यात त्यांनी १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची अशीच चिरफाड केली होती.)

पहिलं व्याख्यान, २००८ सालचं, अर्थतज्ज्ञ स्टिग्लिट्झ आणि ग्रीनवाल्ड यांचं. माणूस काम करता करता शिकतो आणि उत्पादन सुधारतं, या ॲरो यांच्या १९६२ च्या कल्पनेवर ते उभं आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत घरचं कोणी असेल तर त्यांच्याशी बोलून मगच ते वाचा. याच मालेतलं अर्थतज्ज्ञ शाइंकमन यांचं सट्टा आणि किमतींच्या फुगवट्यावरचं व्याख्यान बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत ठेवा, त्याला गणित लागतं. सेन-मॅस्किनमध्येही चिन्हांनी भरलेलं पान आलं तर खुशाल उलटा आणि पुढचा परिच्छेद वाचा. अडलात तर नेमकं कुठे अडलात ते इथेच लिहा, मी उत्तर देईन.