न्यूरॉन घोकू नकोस, तव्याचा चटका आठव

अरे न्यूरॉनचे, म्हणजे मज्जापेशींचे, युनिपोलर, बायपोलर, मल्टिपोलर (एक, दोन, अनेक फाटेवाले) असे प्रकार नुसते घोकत बसलास तर पेपरात सगळं एकात एक होणार, त्यापेक्षा गरम तव्याला बोट लागलं की काय होतं ते कागदावर काढ. बोटातून संवेदना आणणारा सेन्सरी न्यूरॉन (हा युनिपोलर), त्याची सेल बॉडी मणक्याजवळच्या गँगलियनमध्ये, म्हणजे मज्जापेशींच्या गाठीत, बाजूला लटकलेली, मग स्पायनल कॉर्डमध्ये मधला दुवा इंटरन्यूरॉन आणि तिथून स्नायू हलवणारा मोटर न्यूरॉन (हे दोन्ही मल्टिपोलर) थेट दंडाच्या स्नायूला, हात मागे येतो आणि भाजल्याचं मेंदूला नंतर कळतं. सिग्नलची दिशा दाखवणारे बाण विसरू नकोस, बरीच पोरं तिथेच मार्क घालवतात. आणि मायलिन, म्हणजे न्यूरॉनच्या लांब धाग्यावरचं आवरण, नुसतं रंगवायला नसतं हं, त्याच्यामुळेच सिग्नल त्या आवरणातल्या गॅपवरून गॅपवर उड्या मारत सेकंदाला १०० मीटरपर्यंत पळतो. बायपोलर म्हटलं की डोळ्याचा रेटिना आठव, सध्या तेवढं बास.