सी भाषेत स्विच वापरून सराफ्याचा (इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीचा) मेन्यू केलाय. 1 दाबलं की भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी आणि शेवटी ‘चुकीचा क्रमांक’ असं सगळंच का छापलं जातं?

प्रत्येक केसच्या शेवटी ब्रेक लिहायचा राहिलाय, बाकी प्रोग्रॅम बरोबर आहे. केस म्हणजे बंद खोली नव्हे, ती नुसती दारावरची पाटी. स्विच जुळणाऱ्या पाटीपाशी उडी मारतो आणि तिथून खाली मिळेल ते चालवत सुटतो. पुढच्या पाट्या तो वाचतही नाही. म्हणून 1 दाबल्यावर कीस छापून गाडी गराडू, जिलबी करत थेट डिफॉल्टपर्यंत (कुठलीच केस जुळली नाही तर चालायचा भाग) गेली. 3 दाबून बघा: जिलबी आणि ‘चुकीचा क्रमांक’ एवढंच येईल.

इथे इंदूरलाच पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेतो. दर बॅचला हीच चूक निघते, कारण कंपायलर एरवी चकार शब्द काढत नाही. जीसीसी या कंपायलरची 7 किंवा पुढची आवृत्ती असेल तर -डब्ल्यूएक्स्ट्रा (अर्थात इंग्रजी अक्षरांत) लावून कंपाइल करा, अशा ठिकाणी तो इशारा देतो.

मात्र ब्रेक गाळणं दर वेळी चूक नसते. मोठा वाय आणि छोटा वाय दोन्हींना ‘हो’ धरायचं असेल, तर दोन केस एकाखाली एक लिहून ब्रेक एकदाच देतात. आणि मेन्यू पुन्हा पुन्हा दाखवायला स्विच व्हाइल लूपमध्ये घातलात, तर ब्रेकने फक्त स्विच सुटतो, लूप नाही. ‘बाहेर पडा’साठी वेगळी सोय करावी लागेल.