कोकणात जुनी आठशे घेतोयस? आधी खालून बघ

रत्नागिरीत जुनी मारुती ८०० घेतोयस, छान. तिचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण इंजिनाची फार काळजी करू नकोस. ते साधं आहे, कुठलाही मेकॅनिक उघडतो. खाऱ्या हवेत गाडी संपते ती पत्र्याने.

बघायला जाताना टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर ने. मालकाला विचारून पायाखालचं मॅटिंग उचल. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर ठोक: खणखणीत वाजला तर शाबूत, भद्द वाजला तर आत पुट्टी भरलेली. जॅक लावायची जागा, स्टेपनीखालचा खड्डा, बॅटरीखालचा ट्रे हे आवर्जून तपास. ताजा चकचकीत रंग दिसला की मला तर उलट शंकाच येते.

दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. चिखलाने ती बुजली की दार आतून सडतं. तारेने मोकळी कर, एक पैसा लागत नाही.

मे महिन्यात गाडी खालून धुऊन दोन दिवस उन्हात पूर्ण सुकव. गंज वायर ब्रशने खरवड, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) मार, तो वाळल्यावरच अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला लावायचा जाड संरक्षक थर. मी घाईत गंजावरच कोटिंग मारलं होतं. ओल आत कोंडली आणि दोन पावसाळ्यांत फ्लोअरला नवा पत्रा वेल्ड करावा लागला.

आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) तारीखही बघ. १५ वर्षांनंतर नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं आणि त्याआधी गाडीची तपासणी होते. सडलेला पत्रा तिथेच अडकतो, तेव्हा तो खर्च धरूनच भाव कर.