पायात गोळे येतात म्हणून क्विनीन घ्यावं का?

प्रश्न : आईला रात्री पायात गोळे येतात. शेजारच्या काकूंनी क्विनीनची गोळी सांगितली, चार दिवस घेतली तर आता कानात सारखं किर्र वाजतंय म्हणते. बंद करू का?

उत्तर : हो ताई, आजच बंद करा आणि आईंना डॉक्टरकडे न्या, गोळ्यांचं पाकीट सोबत ठेवा. १८२० साली पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या औषधशास्त्रज्ञांनी सिंकोना झाडाच्या सालीतून वेगळं काढलेलं हे औषध मलेरियाच्या जंतूला मारतं खरं, पण माणसालाही ते सोसवतंच असं नाही. कानात किर्र, डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं याला सिंकोनिझम म्हणतात, आणि डोस फार झाला तर नजर कायमची जाऊ शकते. शिवाय इन्सुलिन जास्त सुटून शुगर एकदम खाली येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि मला सगळ्यात भीती वाटते ती रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कोसळण्याची, कारण कुणाकुणाला ते थोड्याशा डोसनेही होतं. अंगावर बारीक लाल ठिपके किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर तासभरही थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. गोळा आला की पाय सरळ करून बोटं स्वतःकडे ओढायची, पोटरी ताणली की बहुतेक वेळा सुटतो.