नेटवर्क डायग्राममध्ये, म्हणजे कोणतं काम कशानंतर येतं ते दाखवणाऱ्या आकृतीत, काम बाणावर लिहायचं की चौकोनात? आणि तो तुटक डमी बाण कशासाठी?

दोन्ही चालतं, पण सिलॅबसमध्ये सक्ती नसेल तर सरळ चौकोनात लिहा. बाण फक्त 'याच्यानंतर हे' एवढंच सांगतो. सॉफ्टवेअरही बहुतेक असंच काढतं.

आपल्याकडचं शेततळं घ्या. खोदाई 6 दिवस, मग दबाई 2. प्लास्टिकचा कागद ऑर्डर देऊन यायला 10 दिवस. दबाई झाली आणि कागद आला की अंथरणं 2, त्यानंतर तारेचं कुंपण 3. खोदाईकडून अंथरण्यापर्यंत यायला 8 दिवस, कागदाकडून 10. म्हणजे क्रिटिकल पाथ (सगळ्यात जास्त वेळ घेणारी कामांची साखळी) कागदाचा, एकूण 15 दिवस. जेसीबीवाला दोन दिवस उशिरा आला तरी तळं वेळेवर होतं. कागद एक दिवस लांबला की सगळंच लांबतं. शेतकरी मात्र फोन करकरून जेसीबीवाल्याच्याच मागे लागलेला असतो!

आता डमी. समजा कागदवाल्याचं बिल द्यायचंय. त्याला फक्त कागद यायला हवा, अंथरायला मात्र कागद आणि दबाई दोन्ही. बाणावर काम लिहायच्या पद्धतीत बाण गोलात संपतो, गोल म्हणजे ते काम झाल्याचा टप्पा. कागद आणि दबाई या दोन्हींचे बाण एकाच गोलात नेले, तर बिलही विनाकारण दबाईसाठी अडतं. म्हणून गोल वेगळे ठेवायचे आणि कागदाच्या गोलाकडून दबाईच्या गोलाकडे शून्य दिवसांचा तुटक बाण काढायचा. दिशा उलटी काढली की मार्क गेले. चौकोनाच्या पद्धतीत ही भानगडच नाही.

आकृती शेवटच्या कामापासून मागे काढत या. 'याच्याआधी काय झालेलं पाहिजे?' एवढंच विचारत राहा.