'सुरू करा, कागद मागाहून बघू' या तोंडी उत्तरावर मुलाखती घेऊ नका

तुमचा प्रश्न वाचला आणि माझं पीएचडीचं दुसरं वर्ष जसंच्या तसं समोर आलं. तुमचा विषय तत्त्वज्ञानाचा, गाईड तत्त्वज्ञान विभागातले, सहगाईड मेडिकलचे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी निर्णय कसे घेतले, यावर मुलाखती. सहा झाल्या, सातवी येत्या गुरुवारी. आणि एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, कार्यालयातून तोंडी उत्तर मिळालंय की सुरू करा, कागद मागाहून बघू. तुम्ही विचारताय की पुढे जाऊ का.

नका जाऊ. गुरुवारची मुलाखतसुद्धा घेऊ नका.

संमतीपत्र कसं लिहावं, नावं कशी लपवावीत, हे तुम्हाला माहीत असणार, त्यात शिरत नाही. मला जे महागात पडलं ते सांगते. मी कुठल्याही समितीवर नाही आणि कायद्याची जाणकारही नाही. नियम देशागणिक, संस्थेगणिक बदलतात, तेव्हा तुमच्याकडचे नियम तुम्हालाच तपासावे लागतील.

माझा विषय होता दीर्घकाळ चालणारी वेदना. रोनाल्ड मेल्झॅक यांची १९७५ची मॅगिल वेदना प्रश्नावली तुमच्या सहगाईडना माहीत असेल. तिच्यात २० गटांत ७८ शब्द आहेत, त्यातून रुग्णाने आपल्या दुखण्याला लागू पडणारे निवडायचे. माणूस स्वतःच्या भाषेत दुखणं सांगतो तेव्हा या यादीच्या बाहेर काय उरतं, हे मला शोधायचं होतं. ठणका, कळ, सल, चमक, ठसठस, ओढ लागणं. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. मला तो विषय फार जवळचा होता आणि अजूनही आहे.

मुलाखती सुरू करण्याआधी मी रीतसर अर्ज घेऊन कार्यालयात गेले होते. तिथल्या व्यक्तीने विभाग विचारला आणि तत्त्वज्ञान म्हटल्यावर अर्ज माझ्याकडेच सरकवला. औषध देणार नाही, सुई टोचणार नाही, रक्त घेणार नाही, नुसतं बोलणार आहात, मग समितीकडे कशाला येताय? मला ते लगेच पटलं, कारण पटायला हवंच होतं. समितीची बैठक दोन महिन्यांनी होती आणि मला थांबायचं नव्हतं. 'हे मला लिहून द्या' एवढं म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही.

पुढच्या १४ महिन्यांत २३ मुलाखती झाल्या. त्यातल्या काही दोन-दोन बैठकांच्या, कारण समोरच्याला सलग बसवत नव्हतं. मग लेख पाठवला. जर्नलचं पहिलंच पत्र आलं, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख कळवा. कार्यालयात परत गेले, तर उत्तर मिळालं की तोंडी चौकशीची नोंद आम्ही ठेवत नाही, आणि आमच्याकडून असं कुणी सांगणार नाही. ज्यांनी सांगितलं होतं ती व्यक्ती त्याच टेबलावर बसलेली होती. समितीकडे अर्ज केला, तेव्हा समितीने कळवलं की झालेल्या कामाला मागच्या तारखेची मंजुरी देता येत नाही आणि त्या ध्वनिफिती संशोधनात वापरायच्या नाहीत. दुसऱ्या वेळी मंजुरी मिळवून १६ नवीन मुलाखती घेतल्या. थिसिस झाला, पण दोन वर्षं उशिरा.

कार्यालयावरचा माझा राग अजून गेलेला नाही. 'विचारून सांगतो' म्हणायला त्यांना काय लागलं असतं? पण समितीचा निर्णय बरोबर होता, हे आता मला मनापासून पटलंय. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनात काय पाळावं हे सांगणारा जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४चा, त्याची ताजी सुधारणा २०२४ची. संशोधनाचा आराखडा काम सुरू होण्याआधी समितीपुढे गेला पाहिजे, असं तो सांगतो. हा 'आधी' फार मोठी किंमत मोजून आलाय. अमेरिकेतल्या टस्कीगीत सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. तिथेही प्रत्येक वेळी कुणीतरी चालू द्या, चालू द्या म्हणतच होतं.

आणि 'आमचं तत्त्वज्ञान आहे, आम्हाला हे लागू नाही' हे तर आपल्या विषयातल्या माणसाने म्हणूच नये. टस्कीगी उघडकीला आल्यावर जो आयोग नेमला गेला, त्याचा १९७९चा बेलमाँट अहवाल आजही या सगळ्या समित्यांच्या विचाराचा पाया आहे. व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं त्यातली. त्याच्या लेखनात टॉम बोशाँ या तत्त्वज्ञाचा मोठा वाटा होता. म्हणजे हे नियम आपल्याच लोकांनी विचार करून मांडलेत.

नुसत्या बोलण्याने इजा होत नाही, हेही खरं नाही. माझ्याशी बोलणाऱ्या काहींना शेवटपर्यंत वाटत होतं की मी डॉक्टरांच्या बाजूची आहे आणि मला सांगितलेलं उपचारांपर्यंत पोहोचेल. मी तीनतीनदा समजावलं होतं तरीही. दुसऱ्या वेळच्या अर्जावर समितीने पहिला प्रश्न हाच विचारला की तुम्ही उपचार करणाऱ्या गटातल्या नाही, हे रुग्णाला कळलंय हे तुम्ही कसं ताडून पाहणार? तो प्रश्न मला आधी कुणी विचारला असता तर त्या २३ मुलाखतीसुद्धा वेगळ्या झाल्या असत्या. तुमच्याकडे तर नातेवाईक आहेत, आत माणूस जगतोय की नाही या काळजीत असलेले. अशा वेळी तुम्हाला नाही म्हणणं त्यांना किती अवघड जात असेल, याचा विचार करा.

आता समितीपुढे जाताना काय होईल तेही सांगते. मेडिकलच्या समितीत तुम्हाला नमुना किती, म्हणजे किती जणांशी बोलणार, आणि तो आकडा कुठल्या गणिताने काढला, असं विचारतील. गोंधळू नका, आणि खोटं गणित तर मुळीच करू नका. गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी लोकांच्या बोलण्यावर उभ्या अभ्यासात मुलाखतींतून नवीन काही मिळेनासं झालं की थांबायचं, ही संपृक्ततेची कल्पना ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७मध्ये मांडली. ती दोन ओळींत लिहा आणि अंदाजे किती जण लागतील तो पल्ला द्या. कोरेक नावाची ३२ मुद्द्यांची यादी आहे, मुलाखतींवरचं संशोधन कसं मांडावं याची, २००७ची. ती लेख लिहिताना उघडण्यापेक्षा अर्ज लिहितानाच समोर ठेवा. माझ्या मते निम्म्या शंका त्यातच मिटतात.

समितीच्या तपासणीतून सूट मिळण्याजोगा अभ्यास असेल, तर ती सूटही समितीच देते. आपण ठरवायची नसते, गाईडनी नाही आणि खिडकीवरच्या माणसाने तर नाहीच. सूट दिल्याचं पत्रसुद्धा तारखेसकट हवं. मंजुरीला मुदत असते, ती पाहून ठेवा. आणि प्रश्नावली बदलली तर दुरुस्तीचा अर्ज करा, हे खूप जण विसरतात.

दोन्ही गाईडना एकदा तरी एका खोलीत बसवा. माझे दोघे तीन वर्षांत दोनदाच भेटले. प्रत्येकाला वाटत होतं की मंजुरीचं दुसऱ्याने पाहिलं असेल. लेखावर कुणाचं नाव कुठल्या क्रमाने येणार, हेही त्याच बैठकीत बोलून टाका. वैद्यकातल्या आणि आपल्याकडच्या पद्धती फार वेगळ्या असतात, नंतर मनं दुखावतात. विषयांतर झालं, पण हे कुणी सांगत नाही.

राहिल्या झालेल्या सहा मुलाखती. घाबरून पुसून टाकू नका, आणि लपवूही नका. अर्जासोबत एक पानाचं पत्र जोडा. कुठल्या तारखांना सहा मुलाखती झाल्या, कार्यालयात कुणाला कधी विचारलं, काय उत्तर मिळालं, आणि समजल्यावर कधी थांबलात. त्या ध्वनिफितींचं काय करायचं ते समितीला ठरवू द्या. वापरू नका असं उत्तर यायची शक्यता मोठी आहे, त्याची तयारी ठेवा. सहा सोडणं जड जाईल. मला २३ सोडाव्या लागल्या. त्यातलं एक वर्णन रोज आठवतं, इतकं अचूक वर्णन मी पुन्हा ऐकलं नाही. ते इथे लिहिणार नाही, कारण ते मला वापरायला दिलेलंच नव्हतं.

आज कार्यालयाला एक ईमेल पाठवा, 'अमुक तारखेला आपण मला असं सांगितलंत, ते लेखी कळवावं.' आणि गुरुवारी ज्यांना वेळ दिलीय त्यांना फोन करा. कारण लांबलचक सांगू नका, परवानगीचं काम बाकी आहे, झाल्यावर पुन्हा विचारते, तेव्हा नको वाटलं तर नाही म्हणा, एवढं पुरे.