‘मी त्यात पडत नाही’

पत्र: आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मिस्टर 70 वर्षांचे, मी 66. दोघांच्या नोकऱ्या संपल्या, आता घर विकून कालव्यावर बोटीत राहायचं ठरवलंय. 57 फुटी नॅरोबोट (कालव्यावरची लांब, अरुंद बोट), 1998 ची, 52 हजार पौंडांना ठरली आहे. सर्व्हे चांगला आला, पत्रा सगळ्यात पातळ ठिकाणी 5.2 मिलिमीटर आहे. बोट बांधायची ठरावीक जागा, म्हणजे मुरिंग, घेणार नाही, फिरत राहू. ह्यांनी मे महिन्यात दोन दिवसांचा कोर्स केलाय, त्यामुळे बोट ते चालवतील, लॉकचं (बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदांचं) मी बघेन, बाकी मी त्यात पडत नाही. गेल्या वर्षी ह्यांना स्टेंट बसवला, पण आता ठणठणीत आहेत. प्रश्न मुलाचा आहे. हा वेडेपणा आहे म्हणतो आणि दोन महिने धड बोलत नाही. सहा आठवड्यांनी घराच्या सह्या आहेत. त्याची समजूत कशी काढू?
— एक वाचक, लेस्टर

ताई,

मुलाचं राहू द्या. तो चाळिशीचा असेल, रुसवा काढेल आणि येईल. मला एवढंच सांगा, त्या कोर्सला मिस्टर एकटेच का गेले?

तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत. कोर्स त्यांनी केला, बोट ते चालवणार, लॉक तुम्ही बघणार, ‘बाकी मी त्यात पडत नाही’. पुढच्याच वाक्यात स्टेंट आहे. ही दोन वाक्यं तुम्ही शेजारी लिहिलीत आणि एकत्र वाचली नाहीत, म्हणून मी ती एकत्र वाचते. ज्या माणसाच्या हृदयावर गेल्या वर्षी उपचार झाले, तो एकटाच तुमचं राहतं घर चालवू शकणार आहे. ते घर पंधरा-सतरा टनांचं आहे आणि त्याला ब्रेक नाही.

मिस्टर भले असतील. तुम्हाला त्रास नको म्हणून सगळं त्यांनी अंगावर घेतलं असेल. तरी मला त्यांचं कौतुक करवत नाही, कारण सगळं त्यांनी घेतलेलंच नाही. टिलर, म्हणजे बोट वळवायची दांडी, धरणं हे बोटीवरचं हलकं काम आहे. एका जागी उभं राहून हाताने दांडी इकडेतिकडे करायची, वेग ताशी 4 मैलांपर्यंत. जड काम लॉकचं. विंडलासने, म्हणजे फिरवायच्या हँडलने, पॅडल (पाणी सोडायची झडप) वर चढवायचं, टनाहून जड दाराच्या तुळईला पाठ लावून, विटांच्या खाचेत पाय रोवून ते ढकलायचं, दुसऱ्या टोकाला जायचं, पुन्हा तेच. पावसात, शेवाळलेल्या दगडांवर. ते काम 66 व्या वर्षी तुमच्याकडे आलं आणि तुम्ही ‘मी बघेन’ म्हणून गेलात. डॉक्टरांनी त्यांना जोर करू नका असं सांगितलं असेल तर वाटणी रास्त आहे. पण ते डॉक्टरांना विचारलंय का? पत्रात तसं दिसत नाही. आधी तेवढं विचारून घ्या.

आता न चालवता येण्याचा अर्थ काय, तो नीट समजून घ्या.

घरात नवरा आजारी पडला तर घर जागेवर राहतं. नळाला पाणी येतं, संडास चालतो. तुमच्या बोटीत साधारण 500 लिटरची टाकी धरली तर दोघांना काटकसरीने आठ-दहा दिवस पाणी पुरतं. कॅसेटचा संडास असेल तर वीसेक लिटरची पेटी दोघांत तीन-चार दिवसांत भरते. डिसेंबरात सोलर पॅनलवर बॅटऱ्या चार्ज होत नाहीत, रोज इंजिन चालवावं लागतं. पाण्याचा नळ आणि कॅसेट रिकामी करायची जागा बहुधा काही मैलांवर असते, आणि तिथे बोट न्यावी लागते. आता समजा, मिस्टर आठवडाभर हॉस्पिटलात आहेत. बोट टो-पाथला, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेला, खुंट्यांना बांधलेली, तुम्ही आत एकट्या, टाकीच्या तळाशी थोडंसंच पाणी. बोट कोण नेणार?

शिवाय तुम्ही ठरावीक मुरिंग घेणार नाही. 1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे अशा बोटीने एका जागी सलग 14 दिवसांहून जास्त थांबायचं नाही. आजारपणासारखं वाजवी कारण असेल तर जास्त थांबता येतं, कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टला कळवून तशी परवानगी मागायची. पण परवानगीने टाकी भरत नाही.

त्याहून वाईट गोष्ट चालत्या बोटीत होऊ शकते. टिलरवरचा माणूस कोसळला किंवा पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद पडत नाही. छोट्या स्पीडबोटीत चालवणाऱ्याला बांधलेली दोरी असते, तो पडला की इंजिन थांबतं. नॅरोबोटीत सहसा ती नसते. बोट पुढे जात राहते आणि मागे पाण्याखाली पंखा (प्रॉपेलर) फिरत राहतो. त्या क्षणी करायचं ते सोपं आहे. गिअरचा लिव्हर सरळ उभा, म्हणजे न्यूट्रल. लगेच. माणूस पाण्यात असेल तर रिव्हर्स कधीही घालायचा नाही, पंखा त्याला ओढून घेतो. मग इंजिन बंद. तुमच्या बोटीच्या वयाच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत किल्ली फिरवून इंजिन थांबत नाही, स्टॉपची वेगळी मूठ ओढावी लागते. तुमच्या बोटीत ती कुठे आहे, माहीत आहे? कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढा असतो, म्हणून आधी ओरडून सांगायचं, ‘उभे राहा’. नंतर 999. कालव्याचं नाव आणि जवळच्या पुलाचा नंबर सांगायचा; बहुतेक पुलांवर नंबराची पाटी असते. कुठला पूल गेला आणि कुठला येतोय हे आत चहा करणाऱ्याला माहीत नसतं, टिलरवर उभं राहणाऱ्याला असतं.

लॉकमध्येही तेच. खाली उतरताना वरच्या दाराशी पाण्याखाली दगडी उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. तो कुठवर आहे ते भिंतीवर पांढऱ्या रेघेने दाखवलेलं असतं. बोटीची मागची बाजू त्या रेघेच्या पुढेच राहिली पाहिजे. मागे सरकली, तर पाणी उतरताना शेपूट उंबरठ्यावर अडकतं, नाक खाली जातं, पाणी आत शिरतं आणि काही मिनिटांत बोट बुडते. अडकलं दिसताच खालची पॅडल बंद करायची आणि नंतर वरची हळूहळू उघडून पाणी परत चढवायचं. हे तुम्ही करायचंय, कारण विंडलास तुमच्या हातात आहे. पण ज्याने स्वतः कधी रेघेच्या पुढे बोट धरून ठेवलेली नाही, त्याला ती मागे सरकतेय हे दिसतच नाही. लॉक बघायलासुद्धा टिलर यावा लागतो.

तर असं करा. घराच्या सह्यांच्या आधी, या सहा आठवड्यांत, आरवायए या बोटिंग संस्थेचा इनलँड वॉटरवेज हेल्म्समन कोर्स स्वतःच्या नावाने करा. एक-दोन दिवसांचाच असतो. बोटीवर इन्स्ट्रक्टर आणि तुम्ही. मिस्टरांनी त्या दिवशी घरी थांबायचं. ते शेजारी उभे राहिले की दांडीला हात लावतील, तुम्ही सोडून द्याल, आणि तुमचा कोर्स तिथेच संपेल.

मग चार दिवसांसाठी बोट भाड्याने घ्या. सहसा भाड्याच्या बोटी मार्च ते ऑक्टोबर मिळतात, काही ठिकाणी हिवाळ्यातही. तुमच्याजवळच फॉक्सटन आहे. 1814 साली झालेली तिथली दहा लॉक सगळी मिळून बोटीला 75 फूट चढवतात. त्यांच्या वर वॉटफर्डच्या लॉकपर्यंत साधारण 20 मैल एकही लॉक नाही. नवशिक्याला याहून चांगली जागा मिळणार नाही, आणि मिस्टरांच्या हृदयावरही ताण नाही. वाटेत क्रिकचा जवळजवळ 1,400 मीटरचा बोगदा आहे. त्यातूनही तुम्हीच न्यायची. समोरून बोट आली तर वेग कमी करून उजवीकडे राहायचं, दिवा तिच्या चालवणाऱ्याच्या डोळ्यात मारायचा नाही. तिसऱ्या दिवशी मिस्टरांनी आत बसायचं आणि दिवसभर एक शब्दही सूचना द्यायची नाही. सकाळी दोर सोडण्यापासून संध्याकाळी खुंट्या ठोकण्यापर्यंत सगळं तुमचं. हे त्यांना जमलं नाही, तर घर विकू नका. तुम्हाला जमेल का ही काळजी मला नाही.

जमेल, कारण ताकदीपेक्षा इथे थांबून बघण्याला जास्त महत्त्व आहे. टिलर डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे वळतं. बोट मधल्या भागाभोवती फिरते, म्हणून नाक वळलं की शेपूट उलट्या बाजूला बाहेर जातं. बांधलेल्या बोटींजवळ हे विसरलं की ठोकर बसते. दांडी थोडी हलवा आणि थांबा, बोट उशिरा ऐकते. नवशिके थांबत नाहीत, आणखी ढकलतात, मग उलट ढकलतात, आणि बोट नागमोडी जाते. आणखी एक लक्षात ठेवा. पंख्याने मागे फेकलेलं पाणी रडरवर, म्हणजे टिलरला जोडलेल्या पाण्याखालच्या पात्यावर, आदळतं तेव्हाच बोट वळते. घाबरून लिव्हर न्यूट्रलला आणला की वळणं जवळजवळ थांबतं, रिव्हर्समध्ये तर नाहीच. म्हणून वळणावर किंचित गती द्यायची. रिव्हर्स घेताना दांडी फिरते त्या पट्ट्यात उभं राहायचं नाही. रडर तळाला आपटला तर तीच दांडी माणसाला पाण्यात फेकते.

तुमची उंची तुम्ही लिहिलेली नाही. पाच फूट किंवा कमी असेल तर छपरावरून पुढचं दिसतं का, हे विकत घेण्याआधी त्या बोटीवर उभं राहून बघा. दिसत नसेल तर घट्ट बसणारी लाकडी पायरी करून घ्या. छपरावर कोळशाच्या गोण्या, सायकली, कुंड्या रचू नका. मिस्टर उंच असतील तर त्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. वीड हॅच, म्हणजे पंख्यावरचं झाकण, उघडून पंख्यात अडकलेलं प्लॅस्टिक कापायलाही शिका. आधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात, काम झालं की झाकण पूर्ण घट्ट. झाकण सैल राहिलं आणि इंजिन चालू केलं तर पंखा त्यातून पाणी आत फेकतो, बोटी अशाही बुडाल्या आहेत. हे काम पालथं पडून करायचं असतं. स्टेंटवाल्या माणसाने दरवेळी एकट्यानेच ते का करावं?

पत्र्याचं म्हणाल तर बाजू मुळात 6 मिलिमीटरच्या असतील, 5.2 उरलं असेल तर या वयाला चांगलं आहे. विमावाले बहुधा 4 पर्यंत चालवून घेतात. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला काळा रंग द्यावा लागेल. बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट चार वर्षांचं असतं, त्यात गॅस, डिझेल, वायरिंग बघतात, पत्रा नाही. लायसन्स बोटीबरोबर मिळत नाही, नवं काढावं लागतं. विक्रीच्या कागदावर आणि विम्यात दोघांची नावं घाला. हे सगळं मिस्टरांनी बघितलं असेलच, तरी तुम्हीही एकदा वाचा.

मुलाला सध्या काही समजावू नका. तिसऱ्या दिवशी त्याला फॉक्सटनला बोलवा आणि टिलर धरून त्याच्यासमोरून बोट न्या. तेव्हा तो काय म्हणेल ते म्हणू दे.

आज फोन करून जागा घ्या. पायात घसरणार नाही असे बूट, हातात हातमोजे, गळ्यात लोंबती ओढणी नको. आणि इन्स्ट्रक्टरला पहिलंच सांगा की मला आधी बोट थांबवायला शिकवा.